गोंड्याची जागा

दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात घरगुती वस्तूंचे प्रदर्शन भरते. यंदा माझ्या मैत्रिणीने तिथे हाताने शिवलेल्या पिशव्यांचे टेबल लावले होते, आणि ती जेवायला गेली तेवढा वेळ मी तिच्या जागी बसले होते. दुपारची गर्दी ओसरली होती. एका बाजूने चकलीच्या तळणीचा आणि दुसऱ्या बाजूने उटण्याचा वास येत होता. तेवढ्यात एक वयस्कर बाई टेबलापाशी थांबल्या आणि त्यांनी त्यातली सर्वांत मोठी पिशवी उचलली. बाहेरून ती त्यांनी पाहिलीच नाही. आधी आत हात घातला. अस्तर दोन बोटांत धरून चोळून पाहिले, पट्टा तोंडाशी जिथे जोडला होता तिथे एक झटका देऊन पाहिला, तळाचे कोपरे चाचपले. पिशवी त्यांना पसंत पडली आहे हे उघड दिसत होते. मग त्यांनी ती सरळ केली, दर्शनी बाजूवरचे आरसे, लोकरीचे गोंडे, घुंगरांची रांग आणि जरीच्या गोट्याची पट्टी यांवरून सावकाश नजर फिरवली आणि अगदी सौम्य आवाजात विचारले, "हे सगळं काढून देता का? पिशवी तेवढी हवी होती."

मी म्हटले, मैत्रीण येईलच इतक्यात, तिला विचारते. त्यावर त्या म्हणाल्या, "नको, राहू दे. तिला वाईट वाटेल. पण शिवलीय छान, एवढं सांगा तिला." एक लहानशी, बिनसजावटीची भाजीची पिशवी विकत घेऊन त्या गेल्या.

तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

घरी माझ्या शिवणाच्या टेबलावर तशीच एक मोठी पिशवी पडून होती. शिवून झालेली, पण सजवायची राहिलेली. ती माझ्या भाचीसाठी आहे. ती वास्तुकला शिकते. ड्रॉइंगच्या सुरळ्या, पुठ्ठ्याचे अर्धवट नमुने, डबा, पाण्याची बाटली आणि स्वेटर हे सगळे तिला एकाच पिशवीत न्यायचे असते. म्हणून पिशवी वीस इंच रुंद, अठरा इंच उंच आणि तळाला सहा इंच खोल अशी बेतली आहे. बाहेरून जाड कोरा कॅनव्हास, आतून माझ्या आईच्या जुन्या इरकलीचे अस्तर, मध्ये फक्त तळाला, ताठपणासाठी, बक्रम. पट्टे सुती निवारीचे आहेत. ते तोंडापाशीच न संपवता थेट तळाखालून फिरवून आणले आहेत, म्हणजे ओझे कापडावर न येता पट्ट्यावर येते. आणि तोंडापाशी चौकोनी टीप मारून त्यात फुली घातली आहे. भाचीची एकच मागणी होती. फोनवर ती म्हणाली, "मावशी, गच्च सजव हं. रिकामी जागा ठेवू नकोस." आणि आता माझ्या कानात दोन आवाज होते, एक सगळे काढून मागणारा आणि एक सगळे भरून मागणारा, आणि दोघींना एकाच वेळी खरे मानावे असे मला वाटत होते.

सामान मी आधीच आणून ठेवले होते. पुण्यात ज्यांना असा नाद आहे त्यांची पावले रविवार पेठेकडे, बोहरी आळीकडे आपोआप वळतात. त्या अरुंद गल्लीत हातगाड्या, स्कूटर आणि माणसे यांतून वाट काढत एका दुकानात शिरावे तर भिंतभर लेसची रिळे, पुढच्या दुकानात मण्यांच्या पारदर्शक पिशव्या, त्याच्यापुढे चेन, रनर, डी-रिंगा, आयलेट, टिच बटणे, मॅग्नेट बटणे. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "अँटिक की गोल्डन?" आणि उत्तर येण्याआधीच दोन्ही पुड्या समोर ओततो. धातूच्या त्या लहान लहान तुकड्यांचा काचेवर पडण्याचा आवाज मला फार आवडतो. तिथून आणलेले सगळे मी पलंगावर मांडले: काचेचे गोल आरसे, कवड्या, पितळी घुंगरू, लाल, पिवळ्या आणि रामा रंगाच्या सुती दोऱ्याच्या लडी, लाकडी मणी, दोन डी-रिंगा, एक वळता हूक. त्यांत घरातली भर म्हणजे ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले खण, आणि आईच्या डब्यातली निरनिराळ्या शर्टांची शिंपल्याची बटणे. एवढे सगळे एकत्र पाहिले की हात शिवशिवतात. आणि नेमक्या त्याच क्षणी त्या बाईंचा प्रश्न पुन्हा समोर आला: यातले उद्या काढायचे म्हटले तर काय निघेल, आणि काय निघणार नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पहिल्यांदा आठवली ती आजोबांची चंची, म्हणजे पान-तंबाखूची कापडी पिशवी. माझे आजोळ तुळजापूरजवळ. आजोबा कमरेला चंची खोचत. ज्यांनी ती जवळून पाहिली आहे त्यांना तिचा वास आधी आठवेल: कात, तंबाखू, चुना आणि वापरून मऊ झालेले कापड यांचा एकत्र वास. एकात एक तीन कप्पे, वर झाकणाची पाळ, त्या पाळीच्या टोकाला लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला एक गोंडा. चंची गुंडाळायची, दोरीचे वेढे द्यायचे आणि टोक खोचायचे. लहानपणी मी तो गोंडा हातात घेऊन बसत असे, म्हणून त्याचा गच्च, किंचित तेलकट स्पर्श अजून बोटांत आहे. तो शोभेसाठी आहे असेच तेव्हा वाटे. पुढे कधीतरी उन्हाळ्यातल्या रात्री, वीज गेलेली असताना, आजोबा अंधारात चंची उघडताना पाहिले. त्यांची बोटे कमरेवरून फिरली, गोंड्यावर थांबली, तो ओढला गेला आणि वेढे सुटले. दोरी कुठे संपते हे डोळ्यांनी पाहण्याची त्यांना गरजच नव्हती. गोंड्यामुळे दोरीचे टोक उसवत नव्हते, वेढ्यातून निसटत नव्हते आणि अंधारात सापडत होते. पाळीच्या कडेला मण्यांची ओळ होती, तीही मिरवण्यासाठी नव्हती; मण्यांच्या वजनाने पाळ खाली बसत असे आणि तंबाखू सांडत नसे. कप्प्यांच्या तोंडाशी रंगीत दोऱ्याची किनार होती, आणि रोज बोटे जातात तिथेच कापड आधी झिजते. गोंडा, मणी, किनार, तिन्ही त्या चंचीच्या नाजूक जागांवर बसलेले होते. एकही भलतीकडे नव्हता.

तिथला पोळाही तसाच. बैलांच्या शिंगांना रंग, टोकांना पितळी शेंब्या, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, अंगावर झूल. झुलीच्या चारही कोपऱ्यांना गोंडे असत आणि बैल चालू लागला की ते त्याच्या पोटऱ्यांपाशी झुलत. आमच्या मामींना मी विचारले होते की मध्यभागी गोंडा का नाही. त्या म्हणाल्या, "मधी कशाला? मधी झूल बसतीच की. उडतंय ते कोपऱ्याला." एवढ्या एका वाक्यात सजावटीचे जे शास्त्र त्यांनी मला सांगितले ते पुढे कुठल्याही वर्गात इतके स्वच्छ ऐकायला मिळाले नाही. कापड कुठे उडते, कुठे उसवते, कुठे घसरते, कुठे हात लागतो, हे आधी पाहायचे. सजायला जागा तिथेच असते.

कवड्यांपाशी मात्र माझा हात अडखळला. तुळजापूरच्या आसपास वाढलेल्या माणसाला कवडी नुसती सजावटीची वस्तू म्हणून पाहताच येत नाही. तुळजाभवानीच्या भक्त असलेल्या आराधी बायकांच्या गळ्यातली कवड्यांची माळ, हातातली परडी, मंगळवारी आणि शुक्रवारी दारात उभे राहून मागितलेला जोगवा हे सगळे तिच्याबरोबर येते. माझी आई कधीच कडक बोलत नसे, पण देवीची कवडी चपला ठेवायच्या पिशवीवर लावलेली तिला आवडली नसती, हे मला ठाऊक आहे. दुसरीकडे हेही खरे की ही कवडी मालदीवच्या समुद्रातून जहाजांनी येत असे, बंगालात ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चलन म्हणून चालत असे, आणि बैलाच्या गळ्यापासून देवीच्या माळेपर्यंत ती कुठेही सुखाने नांदली. मी बराच वेळ विचार केला आणि कवड्या पिशवीच्या तोंडालगत, सर्वांत वर लावायच्या असे ठरवले. पिशवी जमिनीवर ठेवली तरी त्यांना जमीन लागणार नाही. आईसाठी म्हणून घेतलेला हा निर्णय शिवणाच्या दृष्टीनेही बरोबर निघाला, कारण तळाकडे लावलेली कवडी फरशीवर घासून पहिल्या महिन्यातच फुटते.

पिशवीवर आरसे, कवड्या आणि गोंडे एकत्र आले की बंजारा बायकांच्या हाताची आठवण येणारच. आमच्या आजोळच्या वाटेवर तांडे होते. बाजारच्या दिवशी त्या बायका येत तेव्हा त्यांच्या ओढणीवरचे आरसे दुरूनच उन्हात चमकत. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाहण्याच्या धंद्यातल्या होत्या. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून शेकडो कोसांवर पोचवायचे, फौजांना रसद पुरवायची, हे बंजाऱ्यांचे काम. म्होरक्या बैलाला कवड्यांनी, घुंगरांनी सजवत, कारण सगळा तांडा त्याच्या मागे चाले. पुढे रेल्वे आली, धंदा गेला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर शिक्का मारला आणि बंजारेही त्यातून सुटले नाहीत. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. एवढ्या मोडतोडीतून जे टिकले त्यात हा टाका आहे. कर्नाटकात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात; तिथल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीच्या निमित्ताने साडेचारशेहून अधिक लंबाणी बायकांनी भरलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून जागतिक विक्रम नोंदवला गेला. त्या बातमीचा मला खरोखर आनंद झाला होता.

पण बाजारात जुन्या घागऱ्यांचे आणि ओढण्यांचे कापलेले तुकडे 'पॅच' म्हणून विकायला येतात, तेव्हा माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. तुकडा सुंदर असतो. फिकट झालेला लाल, दाट धावदोऱ्याने कडक झालेला, मध्ये घासून धुरकट झालेला आरसा. घरात पेटीत कुजण्यापेक्षा तो कुणाच्या खांद्यावर फिरावा हे बरेच, असे एक मन म्हणते. दुसरे विचारते की तो ज्या बाईने भरला तिने तो विकला की तिच्याकडून तो किलोवर गेला, हे मला माहीत आहे का? माहीत नसते. म्हणून मी असे तुकडे लावत नाही. आरसा टाचायला मी शिकले आहे आणि ती शिकवण ज्यांच्याकडून सर्वांकडे आली त्यांचे ऋण मी मानते. त्यांच्या अंगावरचे कापड कापून मात्र माझ्या पिशवीवर चिकटवायला माझा हात होत नाही. ज्यांना नवे भरतकाम विकत घ्यायचे आहे त्यांनी ते भरणाऱ्या बायकांच्या संस्थांकडून, सांगितलेल्या किमतीला घ्यावे, असे मला ठामपणे वाटते.

आरसा टाचताना पाहण्यासारखी गोष्ट ही की आरशाला भोक नसते आणि गोंदही लागत नाही. आरसा कापडावर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबून धरायचा. त्याच्यावरून दोन आडवे आणि दोन उभे टाके घालायचे, म्हणजे मध्ये एक चौकट तयार होते. आता सुई त्या चौकटीच्या दोऱ्याखालून काढून ओढायची आणि लगेच आरशाच्या कडेला कापडात घालायची. पुन्हा चौकटीखालून, पुन्हा कापडात. प्रत्येक टाक्याबरोबर चौकट थोडी बाहेर ताणली जाते, चौकोनाचे कोपरे मोडतात, आणि फेरा पूर्ण होईतो आत स्वच्छ वर्तुळ उघडते. कॅनव्हास जाड असला तर सुई बाहेर ओढताना बोटाला वळ उठतो. दोरा सैल राहिला तर आरसा खुळखुळतो, फार आवळला तर कापडाला चुणी पडते. आणि जेव्हा तो नीट बसतो तेव्हा त्याखालचे बाहेरचे कापड आणि आतले अस्तर दोन्ही त्या दाट टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवतात. एवढ्या मोठ्या पिशवीचे अस्तर आत गोळा होऊन लोंबण्याची जी नेहमीची तक्रार असते, तिच्यावर याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. म्हणून आरसे मी दर्शनी बाजूच्या वरच्या भागात, अस्तरासकट टाचले. अंगाला लागणारी मागची बाजू पूर्ण साधी ठेवली. तिथे आरसा असेल तर तो ओढणीत अडकतो, लोकरीच्या स्वेटरचे धागे काढतो, आणि सारखा घासला जाऊन त्याचा स्वतःचाही दोरा तुटतो.

कवडीची गोष्ट वेगळी. तिची फुगीर पाठ घासून काढलेली असेल तरच ती कापडावर सपाट बसते आणि सुई तिच्या पोटातून पलीकडे जाते. पाठ राहिलेली कवडी वरून बांधली तर डुगडुगत राहते. दुकानातून घेताना मी प्रत्येक उलटी करून तिची कड बोटाने पाहते, कारण धारदार कड महिनाभरात दोरा कापते. खणाचे म्हणाल तर तो कापला की कडेचे धागे भराभर सुटतात, तेव्हा त्याला कापायचेच कशाला? कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा तो खण ओटीत येतो तसाच त्रिकोणी घडीत ठेवून मी त्याचा बाहेरचा खिसा केला. घडीची बाजू वर आली, काठ तोंडाला आला, सुटणाऱ्या कडा शिवणीत गेल्या. तिकीट, चाव्या, पेन यांना जागा झाली. शिंपल्याची बटणे त्या खिशाच्या दोन कोपऱ्यांवर बसली, कारण खिसा फाटतो तो कोपऱ्यातून. घुंगरू मात्र मी लावले नाहीत. ते वाजवून पाहताना गोड वाटतात, पण ग्रंथालयात, व्याख्यानाच्या वर्गात, आजारी माणसाच्या खोलीत पिशवीला गप्प बसता आले पाहिजे. बैल वाजत यावा, तो रस्त्यावर चालतो. विद्यार्थिनीची पिशवी दिवसभर बाकाखाली असते.

याच टप्प्यावर मला त्या बाईंचे म्हणणे अधिक समजू लागले. त्यांच्या वयाच्या कित्येकांनी खांद्याला शबनम अडकवून उमेदीची वर्षे काढली आहेत. जाड खादीची, एका रंगाची, एका पट्ट्याची ती पिशवी. आत पत्रके, चष्मा, एखादे पुस्तक, कागदात गुंडाळलेली भाकरी. तिच्यावर काही नसणे ही हौसेची उणीव नव्हती. आपल्याजवळ जे आहे ते दाखवायचे नाही, आणि कमी आहे तेही झाकायचे नाही, असा तो बाणा होता आणि तो मनापासून स्वीकारलेला होता. त्या साधेपणातही डोळा होता: पट्ट्याचा रंग पिशवीच्या रंगाशी कसा जातो, शिवण किती सरळ आहे, हे ती माणसे बारकाईने पाहत. आमच्या घरात त्या वृत्तीची माणसे होती. त्यांच्यापुढे उभे राहून मी गच्च भरलेल्या पिशवीची बाजू घ्यायची म्हटली तर 'सुंदर दिसते' एवढे पुरणार नाही, आणि ते पुरू नयेच.

बाजू घ्यायला एक खरे कारण मात्र आहे. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली, जूनपासून दंड सुरू झाला, आणि कापडी पिशव्यांचे दिवस आले. चांगलेच झाले. पण त्या लाटेत लग्नात, चर्चासत्रात, दुकानाच्या उद्घाटनात कापडी पिशव्या इतक्या वाटल्या गेल्या की आता घरोघरी त्यांचे गठ्ठे आहेत. पातळ कापड, एकेरी टीप, छापील नाव, आणि कुणाचाही जीव त्यात नाही. कापूस पिकवायला, कातायला, रंगवायला पाणी आणि वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालाने हिशेब मांडला की तापमानवाढीच्या दृष्टीने एका सुती पिशवीने पातळ, एकदाच वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर मात करायची तर ती किमान १३१ वेळा वापरली पाहिजे. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष एकत्र धरल्यावर तो आकडा ७,१०० वर गेला. या आकड्यांवर वाद आहेत आणि ते व्हावेत. टाकलेले प्लास्टिक नाल्यात, गाईच्या पोटात जाते याचा हिशेब त्यांत येत नाही. तरीही कापडी पिशवी फार वर्षे वापरली गेली पाहिजे, ही गोष्ट त्यातून स्वच्छ निघते. आणि माणूस एखादी वस्तू फार वर्षे वापरतो ती नुसती मजबूत आहे म्हणून नव्हे. मजबूत पिशव्याही माळ्यावर जातात. जिच्यावर जीव जडतो, जी हरवली तर माणूस मागे फिरून शोधायला जातो, ती टिकते. कुणीतरी बसून एकेक टाका घातला आहे हे जिच्यावर दिसते, ती पिशवी सहजासहजी टाकवत नाही. पट्टा तुटला तर नवा लावून घेतला जातो. माझ्या मते सजावटीचे काम हेच: पिशवीला दुरुस्त करण्याजोगी करणे.

अलीकडे पिशव्यांना लटकने अडकवायची मोठी हौस आली आहे. बाहुल्या, मण्यांच्या माळा, अक्षरे, चाव्यांचे जुडगे. हे पाहून नाक मुरडणारे बरेच आहेत, मी त्यांच्यात नाही. जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी १९८५ च्या सुमारास बनवलेली, पुढे तिच्याच नावाने जगभर गाजलेली ती पहिली काळी चामड्याची बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. ती बाई आपल्या महागड्या बॅगेवर बिनधास्त स्टिकर चिकटवत असे, नखे कापायचे यंत्र लटकवत असे. लिलावाला आली तेव्हा बॅगेवर स्टिकर नव्हते, पण ते जिथे होते तिथल्या खुणा होत्या, आणि नव्याकोऱ्या बॅगांना जी किंमत येत नाही ती या खुणांच्या बॅगेला आली. किमतीचे मला अप्रूप नाही. पण वापरणारी बाई वस्तूवर आपला हात चालवते तेव्हा ती वस्तू बनवणाऱ्याची उरत नाही, हे मला फार योग्य वाटते. म्हणून भाचीच्या पिशवीच्या बाजूच्या शिवणीत मी दोन्हीकडे एकेक डी-रिंग घट्ट बसवली आणि ती रिकामी ठेवली. तिथे तिने हवे ते अडकवावे, कंटाळा आला की काढावे.

सगळे जागच्या जागी बसल्यावर मी पिशवी खुंटीला टांगली, कात्री हातात घेतली आणि मनातल्या मनात एकेक वस्तू काढून पाहिली. डी-रिंगेवरचे निघेल, ते निघण्यासाठीच आहे. बटणे काढली तर खिशाचे कोपरे उघडे पडतील. आरसे काढले तर अस्तर लोंबेल. कवड्या तोंडाची दुमड वजनाने खाली बसवतात. त्या काढल्या तर तोंड आ वासून राहील. खण निघाला तर खिसाच जाईल. एक बारीक पिवळी वेलबुट्टी मात्र मी तळाशी भरली होती, ती कशालाच धरत नव्हती. ती मी ठेवली. भाचीने रिकामी जागा नको म्हटले होते आणि तिच्या शब्दाला एवढी तरी जागा असायलाच हवी. प्रत्येक टाक्याकडून कामाचा हिशेब मागू लागले तर हौसेला दार बंद होईल, आणि हौस नसती तर मी ही पिशवी शिवायलाच बसले नसते. त्या बाई ही पिशवी घेतील का, हे मला सांगता येणार नाही. पण 'हे काढून देता का' असे त्यांनी पुन्हा विचारले तर त्यांच्याशी बोलायला माझ्याजवळ आता काहीतरी आहे, आणि आत हात घालून पाहणाऱ्या माणसाला ते कळेल असा मला विश्वास वाटतो.

गोंडे शेवटी केले. लाल सुती दोरा आधी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहिला, कारण कोऱ्या कॅनव्हासवर लाल रंग एकदा उतरला की जात नाही. पहिल्या लडीचा रंग उतरला. ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर दोरा गच्च गुंडाळायचा, वरच्या बाजूला दुहेरी दोरा ओवून पक्की गाठ मारायची, खालून कात्री चालवायची, मग मानेपाशी पिवळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन टोक आत जिरवायचे. शेवटी ओल्या हाताने केस सरळ करून टोके एकसारखी कापायची. हे चार गोंडे गेले ते चार जागी: पट्ट्यांची शिवण जिथे तोंडाशी संपते त्या टोकांवर. तिथली टीप उलट फिरवून बंद केलेली असली तरी उसवायला सुरुवात तिथूनच होते, आणि गोंड्याच्या गाठीचा दोरा मी त्या टिपेतून आरपार नेऊन आत निवारीत बांधला आहे.

पिशवी भाचीकडे पोचली तेव्हा ती आनंदाने किंचाळली, मग तिने फोटो पाठवला. एका रिंगेत मॉडेलसाठी कापलेला लाकडाचा चौकोनी तुकडा आणि दुसरीत खोलीची चावी अडकवलेली होती. काही दिवसांनी तिचा फोन आला. बसमध्ये चढताना उजवीकडचा गोंडा दांड्याला अडकतो, कापून टाकू का, असे ती जरा घाबरतच विचारत होती. मी म्हटले, खुशाल काप, पिशवी तुझी आहे. फक्त मानेच्या खाली काप, वरच्या गाठीला कात्री लावू नकोस. ती गाठ राहिली तर शिवण सुटणार नाही, आणि पुढे कधी वाटले तर त्याच गाठीत आखूड गोंडा पुन्हा बसवता येईल.